लॅपटॉपच्या पोटातील शेगडी

२०२५ च्या मे महिन्यात आमच्या विज्ञान मंडळापुढे एक अनपेक्षित संकट उभे राहिले. बडोद्याच्या मध्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात त्यांपैकी काही मगरी वस्तीत शिरल्या होत्या, आणि आमच्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत भीती म्हणजे काय ती अनुभवली. तेव्हा पावसाळ्यापूर्वी लहान वर्गांतील मुलांना दाखविता येईल असा, मगर दिसली असता काय करावे आणि काय करू नये हे सांगणारा एक छोटा चित्रपट संगणकावर तयार करावा असे आम्ही ठरविले. ब्लेंडर नावाची विनामूल्य प्रणाली त्यासाठी उपलब्ध आहे. लॅपटॉप होता तो दहावीतील आमच्या एका मित्राच्या घरी. त्याच्या थोरल्या भावाने नोकरीच्या पहिल्या वर्षी पैसे साठवून तो वापरलेलाच विकत घेतला होता. खेळ खेळण्यासाठी बनविलेला असल्यामुळे त्यात चित्रे रेखाटणारी वेगळी चिप होती, आणि आमच्या कामाला नेमकी तीच हवी होती.

चित्रपट होता २ मिनिटे ४० सेकंदांचा. दर सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे एकूण ३८४० चित्रे. प्रत्येक चित्र दोन मिनिटांत पुरे व्हावे असा आमचा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिली दहाबारा चित्रे तशी झाली, मग एकेकाला पाच पाच मिनिटे लागू लागली. पंखा विमानासारखा घोंगावू लागला, आणि पाऊण तासाने पडदा एकाएकी काळा झाला. पुन्हा सुरू केले, पुन्हा तेच. पाच मिनिटांच्या हिशेबाने ३२० तास, म्हणजे तेरा दिवसांहून अधिक काळ लागणार होता, आणि शाळा उघडावयास अकराच दिवस उरले होते.

मित्राने लॅपटॉप एका दुकानात नेला. तेथे तो उघडूनही न पाहता 'मदरबोर्ड गेला आहे, ३२,००० रुपये लागतील' असे सांगण्यात आले. मित्राची आई घरी शिवणकाम करते. हा आकडा ऐकून त्या घरात त्या रात्री कोणी फारसे बोलले नाही, एवढेच लिहितो. दुसऱ्या दिवशी आम्ही ही हकीकत आमच्या विज्ञानाच्या सरांना सांगितली. सर म्हणाले, "रोग्याचा ताप मोजल्यावाचून त्याला शस्त्रक्रिया सुचविणारा वैद्य तुम्ही पाहिला आहे काय? आधी ताप मोजा." पुढील लेख हा त्या ताप मोजण्याचा वृत्तांत होय.

प्रथम ही चिप तापते कशामुळे, ते पाहू. आमच्या लॅपटॉपमधील चिप जीटीएक्स १६५० ह्या जातीची होती. तिचे क्षेत्रफळ २०० चौरस मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या लहानशा तिकिटाहूनही कमी. आणि तेवढ्यात सुमारे ४७० कोटी ट्रान्झिस्टर बसविलेले आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची एक अतिसूक्ष्म खिटी. ही खिटी उघडताना व मिटताना दर वेळी विजेचा अत्यल्प अंश खर्च होतो, आणि ह्या उघडझापी एका सेकंदात दीडशे कोटींच्या घरात होत असतात. खर्च झालेली वीज जाते कोठे? तिचे चित्र होत नाही. चित्र हे केवळ आकडे. ती सगळीच्या सगळी उष्णता होते. ही चिप पूर्ण वेगाने चालली की सुमारे ५० वॅट वीज घेते, आणि तितकीच उष्णता बाहेर टाकते.

पन्नास वॅट म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. जुन्या काळचा साधा दिवाही ६० वॅटचा असे. परंतु उष्णता किती आहे ह्याहून ती किती जागेतून बाहेर पडते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. आम्ही मित्राच्या घरची इस्त्री मोजून पाहिली. ती १००० वॅटची आणि तिचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटरचा. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट. चिपचे क्षेत्रफळ २ चौरस सेंटिमीटर. तेव्हा तिच्यातून दर चौरस सेंटिमीटरला २५ वॅट निघतात. इस्त्रीच्या पाचपट! इस्त्री तापावी म्हणूनच बनविलेली आहे. चिप मात्र तापता कामा नये. हा सारा खटाटोप आहे तो एवढ्याचसाठी.

ही उष्णता वाहून नेण्याची जी युक्ती लॅपटॉपमध्ये केलेली असते, तिचे आम्हांस सर्वांत अधिक नवल वाटले. चिपवर तांब्याची एक पट्टी टेकलेली असते, व तिच्यातून एक चपटी तांब्याची नळी कडेच्या पंख्यापर्यंत गेलेली असते. ही नळी भरीव आहे असे आम्ही समजत होतो. ती पोकळ असते! तिच्यातील हवा काढून घेऊन आत थोडेसे पाणी ठेवतात व तोंड कायमचे बंद करतात. हवेचा दाब नसला की पाणी उकळण्यास शंभर अंशांची गरज उरत नाही. दाब आठव्या हिश्श्यावर आणला तर ते ५० अंशांवरच उकळते. चिपच्या बाजूस पाण्याची वाफ होते, ती वाफ नळीतून थंड टोकाकडे धावते, तेथे तिचे पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या अंगाला असलेल्या वातीसारख्या सच्छिद्र थरातून ते पाणी समईतील तेलाप्रमाणे परत चिपकडे ओढले जाते. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापविण्यास एक कॅलरी पुरते, पण त्याची वाफ करण्यास ५४० च्या आसपास कॅलरी लागतात, हे आपण नववीत शिकलो. त्या धड्याचा असा उपयोग होत असेल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. हिशेब केला तर ५० वॅट वाहून नेण्यास मिनिटाला सव्वा ग्रॅम पाण्याची वाफ झाली की पुरे. तेच ते थेंब जात येत राहतात, पंप नाही की विजेची मोटर नाही. अशा नळीचे पेटंट अमेरिकेत रिचर्ड गॉगलर ह्यांना १९४४ मध्ये मिळाले होते, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६३ मध्ये लॉस अ‍ॅलामॉस येथील जॉर्ज ग्रोव्हर ह्यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा घडविली, आणि तेव्हापासून तिचा प्रसार झाला.

नळीच्या थंड टोकाला धातूची कागदासारखी पातळ पाती दाटीने लावलेली असतात. पंखा खालून हवा ओढून ह्या पात्यांतून बाहेर फेकतो. एवढीच ती सारी व्यवस्था. वाट तीन टप्प्यांची: चिपपासून तांब्यापर्यंत, तांब्यातून पात्यांपर्यंत, पात्यांतून हवेत. ह्यांपैकी कोणत्याही एका टप्प्यावर वाट अडली की मागे सारी उष्णता तुंबते.

आता ताप मोजण्याकडे वळू. चिपमध्येच उष्णतामापक बसविलेला असतो आणि त्याचा आकडा एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड ह्यांसारख्या विनामूल्य प्रणालींतून वाचता येतो. आम्ही दुपारी तीन वाजता मोजणी केली. खोलीत ३७ अंश होते. रेखाटन सुरू होताच आकडा चढत चढत ८७ अंशांवर गेला व तेथे थबकला. त्याच क्षणी चिपचा वेग १५०० मेगाहर्ट्‌झवरून ६०० वर घसरला. पाच मिनिटांचे कोडे उलगडले! चिप बिघडलेली नव्हती. ती स्वतःला वाचवीत होती. ताप मर्यादेबाहेर जाऊ लागला की ती आपण होऊन संथ होते, आणि त्यानेही भागले नाही तर लॅपटॉप बंद पडतो. त्या वेळी ती अवघे २० वॅट घेत होती, तरीही खोलीपेक्षा ५० अंशांनी तापलेली होती. म्हणजे दर वॅटला अडीच अंश. हा अडीचचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

येथे वाचकांस एक इशारा द्यावयाचा आहे. पुढील काम आम्ही सरांच्या देखत, लॅपटॉपच्या हमीची मुदत संपली आहे ह्याची खात्री करून आणि मित्राच्या भावाची परवानगी घेऊन केले. हमी चालू असेल तर लॅपटॉप उघडण्याच्या भानगडीत कोणी पडू नये.

लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, खालचे झाकण उघडताच प्रथम बॅटरीची जोडणी सोडविली. प्रत्येक स्क्रू कोठला ते कागदावर काढलेल्या आकृतीत टोचून ठेवला. ही सूचना आमच्यापैकी एका मुलीची, आणि तिच्यामुळेच शेवटी एकही स्क्रू उरला नाही. पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होता. आमचा विरसच झाला. पण सरांनी पंख्याचे झाकण काढावयास लावले, आणि मग पंखा व पाती ह्यांच्या मधोमध बसलेला तो थर दिसला. नमद्यासारखा दाट, जवळजवळ तीन मिलिमीटर जाडीचा. आणि रंगीत! त्यात तांबडे, निळे, हिरवे तंतू होते. शिवणयंत्राजवळच लॅपटॉप चाले. पंखा हवेबरोबर कापडाची कसही ओढून घेई, आणि ती पात्यांच्या तोंडाशी अडकून बसे. काकू मागे उभ्याच होत्या. "म्हणजे हे माझ्यामुळे झालं का रे?" असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्हा कोणालाच उत्तर सुचेना. सर म्हणाले, "ताई, ज्या यंत्रावर हे घर चालतं, त्याला दोष कसा द्यावा? जागा बदलू, झालं."

थर चिमट्याने उचलला तो अखंड निघाला. उरलेली धूळ मऊ ब्रशाने आणि हाताने दाबावयाच्या हवेच्या फुग्याने काढली. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून त्याचा आस खराब होण्याचा संभव असतो. घरातील धूळ ओढण्याचे यंत्र येथे लावू नये. त्याच्या नळीशी स्थिर विद्युत साठते आणि तिची एक ठिणगीही चिपला पुरेशी होते. झाकण लावून पुन्हा मोजले: वेग पूर्ण १५००, वीज ५० वॅट, ताप ८१ अंश. दर वॅटला अडीच अंशांऐवजी आता एक अंशाहूनही कमी! वास्तविक आमचे काम येथेच भागले असते. पण एकदा आकडा उतरू लागला की हाव सुटते.

दुसरा टप्पा चिप व तांबे ह्यांच्यामधला. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे दिसले तरी ते तसे नसतात. त्यांच्यात सूक्ष्म खळगे राहतात आणि खळग्यांत हवा. तांबे हे हवेच्या सुमारे पंधरा हजार पट चांगले उष्णतावाहक आहे, तेव्हा हवेचा हा थर कितीही पातळ असला तरी भिंतीसारखाच. म्हणून मधे उष्णतावाहक लेप भरतात. लेप तांब्याच्या तोडीचा नसतो, परंतु हवेपेक्षा शेकडो पट बरा. काही वर्षांनी तो वाळून भेगाळतो किंवा कडेकडे सरकतो. आमचा लेप खपलीसारखा निघाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले आणि नवा लेप सबंध चिप झाकेल इतपत पातळ पसरला. शेजारच्या स्मृतिचिपांवर रबरासारख्या मऊ पट्ट्या असतात; त्या धड होत्या म्हणून तशाच ठेवल्या. त्या बदलावयाच्याच झाल्या तर त्याच जाडीच्या घ्याव्यात, कारण अर्धा मिलिमीटर जाड पट्टी लावली तरी तांबे चिपवर नीट टेकत नाही. तांब्याच्या पट्टीवरील स्क्रूंना आकडे छापलेले असतात. त्याच क्रमाने, थोडे थोडे करून ते आवळावे. एकच बाजू आधी आवळली तर चिपचा कोपरा फुटू शकतो. ताप आता ७४ झाला. दातांची पेस्ट हाच लेप म्हणून चालते असे सांगणारे महाभाग आम्हांस भेटले. ती काही तासांत वाळते व पुन्हा भिंत उभी राहते, एवढेच त्यांस उत्तर.

तिसरा उपाय इतका सोपा होता की त्याची लाजच वाटली. लॅपटॉपच्या मागल्या कडेखाली दोन जाड वह्या ठेवल्या आणि खालून हवेला वाट मिळाली. ७१! उलट गादीवर ठेवून पाहिले तर काही मिनिटांतच आकडा ८० च्या पुढे गेला. मग तो प्रयोग तेथेच थांबविला.

चौथा उपाय उष्णता बाहेर काढण्याचा नव्हे, ती मुळात कमी निर्माण करण्याचा. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ह्या वर्गात सारी गंमत आहे. एमएसआय आफ्टरबर्नर ह्या प्रणालीतील आलेखावर आम्ही दाब ०.९५ व्होल्टवरून ०.८५ वर आणला व वेग १५०० वरून १४१० वर. दाबाच्या गुणोत्तराचा वर्ग झाला ०.८०, वेगाचे गुणोत्तर ०.९४, दोहोंचा गुणाकार ०.७५. म्हणजे वीज पाऊणपट व्हावयास हवी. पाहिले तर खरोखरच ५० ची ३८ वॅट झाली होती! ताप ६३. आणि चित्राला लागणारा वेळ दोन मिनिटांवरून केवळ २ मिनिटे ८ सेकंद. शेकडा सहा वेग देऊन शेकडा पंचवीस उष्णता वाचविण्याचा हा सौदा आम्हांस फारच किफायतशीर वाटला. दाब मात्र पायरीपायरीने उतरवावा; फार उतरविला की चिप गोंधळते आणि पडदा गोठतो. तसे झाल्यास एक पायरी मागे यावे, त्यात कायमचे नुकसान होत नाही.

जे वाचक केवळ खेळ खेळतात त्यांना ह्याहूनही सोपा मार्ग आहे. पडदा सेकंदाला ६० वेळाच बदलत असेल तर चिपने १४० चित्रे काढून उपयोग काय? उरलेली ८० कोणाच्याच डोळ्यांस पडत नाहीत. त्यांची नुसती उष्णता होते. खेळाच्या मांडणीत ६० ची मर्यादा घालावी. शिवाय बहुतेक लॅपटॉपमध्ये मुख्य प्रक्रियकही त्याच नळ्यांना जोडलेला असतो. त्याचा अतिरिक्त वेग आवरला तरी शेजारच्या चिपला आराम पडतो.

चिप स्वतःच स्वतःला आवरते, तर मग ताप राहू द्यावा, बिघडले काय, असा प्रश्न आमच्यातील एकाने विचारला होता. प्रश्न रास्त आहे. चिप सिलिकॉनची व तिच्याखालचा फळीवजा तुकडा वेगळ्या द्रव्याचा. तापल्यावर दुसरा पहिल्याच्या पाचसहा पट अधिक प्रसरण पावतो. दोहोंना जोडणारे असतात डाखाचे बारीक मणी. रोज तापणे, रोज निवणे, अशा ओढाताणीत ते थकतात, आणि एके दिवशी एखाद्याला चीर पडते. मोठमोठ्या कंपन्यांनाही हा धडा महागात पडलेला आहे. एनव्हिडियाने जुलै २००८ मध्ये लॅपटॉपमधील काही चिपांच्या बांधणीतील अशाच दोषापोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढीत असल्याचे जाहीर केले होते. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० ह्या खेळयंत्राच्या बिघाडांपायी शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च पत्करला. त्या काळी असे बंद पडलेले पट्ट घरच्या भट्टीत भाजून काढण्याची एक विचित्र चाल लोकांत पडली होती. कधीकधी यंत्र त्याने जिवंत होई, पण बहुधा काही दिवसांपुरतेच, आणि ज्या भट्टीत खाद्यपदार्थ भाजावयाचे तीत विषारी धूर भरे. हा प्रयोग कोणी करू नये. त्याचप्रमाणे तापलेल्या लॅपटॉपखाली बर्फ किंवा ओले फडके ठेवू नये. आत दव जमते, आणि दव व वीज ह्यांचे सख्य नाही.

चित्रपट साडेपाच दिवसांहून थोड्या अधिक अवधीत पुरा झाला. आम्ही पाळीपाळीने पहारा केला, रात्री दोनचा पहारा सर्वांत कंटाळवाणा. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तो पाचवी-सहावीच्या मुलांना दाखविला. मगरीच्या चालीवर मुले हसली, ते आम्हांस अपेक्षित नव्हते. पण पुराच्या पाण्यात का उतरू नये हे त्यांनी मागाहून बरोबर सांगितले. एकूण खर्च लेप, अल्कोहोल आणि ब्रश मिळून साडेसातशे रुपये.

ह्या कथेला एक पुरवणी आहे. जुलैमध्ये मित्राने कळविले की ताप पुन्हा ७२ वर गेला आहे. आम्ही धावलो. पाहतो तो काकूंनी कस आत जाऊ नये म्हणून तळाच्या जाळीवर मलमलीचा एक सुबक तुकडा शिवून चिकटविला होता. टाके इतके सुरेख होते की तो काढावयास हात धजेना. पण कस अडविणारे कापड हवाही अडविते, हे त्यांना आकडा दाखवूनच पटवावे लागले. तुकडा काढताच दहा मिनिटांत ६२. मग काकूंनी त्याच मलमलीची एक खोळ शिवली. लॅपटॉप बंद असला की ती त्याच्यावर घालतात. तो आता शिवणयंत्रापासून दूर, आतल्या खोलीत उंच फळीवर असतो. दिवाळीच्या सुटीत पुन्हा झाकण उघडून पाहिले, तेव्हा पात्यांच्या तोंडाशी बोटाच्या टोकावर मावेल इतकीच कस होती, आणि तीही एकाच रंगाची, जांभळ्या.